किकचं पेडल घेताय? आधी स्टेज बघा, मग किंमत

चिकोडी : गणपती, जत्रा, ऊरूस, लग्नसराई जवळ आली की चिकोडी-निपाणी पट्ट्यातले ऑर्केस्ट्रावाले सामान बाहेर काढतात. ड्रमची पानं बदलली जातात, झांजा पुसल्या जातात. पायाखालचं पेडल मात्र स्टेजवर तुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. भर कार्यक्रमात किक बंद पडली की ठेकाच लंगडा होतो, आणि रात्री दहा वाजता खेडेगावात दुसरं पेडल मिळणार कुठं?

पूर्वी एकच वादक बेस ड्रम आणि स्नेअर दोन्ही हातातल्या काठ्यांनीच वाजवायचा. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी 1909 च्या सुमारास झपाट्याने चालणारं पायपेडल बनवलं आणि हात मोकळे झाले. मूळ रचना आजही तीच आहे : पाऊलपट्टी दाबली की बीटर पुढे जातो, स्प्रिंग त्याला मागे ओढते.

फरक पडतो तो जोडणीत. पट्ट्याचं पेडल हलकं चालतं, पण पट्टा झिजतो. एका साखळीचं स्वस्त असतं. दोन साखळ्यांचं जड, पण आडवं डुलत नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये साखळीऐवजी धातूची दांडी असते. पायाला झटपट उत्तर मिळतं, पण किंमत चढी. भावगीत, भक्तिगीत, लावणी वाजवणाऱ्याला दोन साखळ्यांचं पुरेसं आहे. डबल पेडलचा मोह बहुतेकांनी आवरलेलाच बरा. ते मेटल वाजवणाऱ्यांचं काम.

खालची प्लेट मात्र सोडू नये. प्लेट नसलेलं पेडल घडी करून पिशवीत बसतं हे खरं, पण आपल्याकडची स्टेजं फळ्यांची, वर सतरंजी. तिथं ते सरकतं, वाकडं होतं. प्लेटवालं घट्ट बसतं. टेम्पोत जरा वजन वाढेल, एवढंच.

बीटर फेल्टचा असेल तर आवाज गोल, भरीव येतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा टोकदार वाजतो, माईकवर उठून दिसतो; पण पान लवकर खातो, म्हणून मार बसतो तिथं पॅच चिकटवावा. बीटर पानाच्या मध्याजवळ लागतो का, हेही बघावं. 22 इंची ड्रमवर अडचण येत नाही. प्रवासाला सोयीच्या 18 इंचीवर तो मध्याच्या वर लागतो. मग दांडी खाली घ्यावी किंवा ड्रम उचलणारा लिफ्टर लावावा. ऑक्टापॅडला किकचा पॅड जोडणाऱ्यांनी जाळीच्या पॅडवर फेल्ट वापरू नये, जाळी खराब होते.

खरेदीला कोल्हापूर जवळ की बेळगाव, हा इथला नेहमीचा प्रश्न. 2017 पासून जीएसटी दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे करापायी धावपळ नको. दुरुस्तीला परत जाता येईल असं दुकान निवडावं, पक्कं बिल घ्यावं आणि स्प्रिंग, साखळी सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारावं. मिरज जवळ असली तरी तिची ख्याती सतार-तंबोऱ्याची.

जुनं पेडल घेताना पाऊलपट्टी हाताने डावी-उजवीकडे हलवून बघावी. खडखडली तर बिजागरी गेली. रिंगला धरणारा क्लॅम्प आणि बीटरच्या स्क्रूचे आटे तपासावेत. आटे गेलेले असतील तर किंमत कितीही पाडून मिळू दे, परत ठेवावं.