पुसल्या जाणाऱ्या चित्रांचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम फुटपाथवर?" फुटपाथवर आलोय हे खरं. पण प्रश्न तसा मूलभूतच आहे. पहिल्या पावसात जे वाहून जातं, त्याचा इतिहास लिहायचा कसा?

इटलीत सोळाव्या शतकापासून रस्त्यावर चित्रं काढणारी फिरस्ती माणसं होती. मादोन्ना म्हणजे मेरीमाता. तिची चित्रं काढणारे म्हणून ते 'मादोन्नारी'. एका गावची जत्रा संपली की पुढच्या गावची गाठायची. चर्चसमोरच्या फरसबंदीवर खडू, कोळसा, विटांचे तुकडे घेऊन बसायचं, आणि भाविक टाकतील ती नाणी वेचायची. शतकानुशतकं हे चाललं, पण त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याजवळ नाहीत. चित्रच उरलं नाही, तर सही कुठून उरणार?

लंडनमध्ये अशा चित्रकारांना 'स्क्रीव्हर' म्हणत. जॉर्ज ऑर्वेलच्या 1933 सालच्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन'मध्ये बोझो नावाचा असा एक पायाने अधू चित्रकार भेटतो. तो राजकीय व्यंगचित्रं काढायचा. एकदा त्याने एक अजगर काढला. अजगरावर लिहिलं 'भांडवल', आणि तो ज्या सशाला गिळतोय त्याच्यावर 'श्रम'. पोलीस आला आणि त्याने ते पुसायला लावलं. आता गंमत बघा. पुसलेलं ते चित्र आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ते शब्दांत लिहून ठेवलं. म्हणजे या कलेचा इतिहास आपल्यापर्यंत येतो तो बघणाऱ्यांच्या हातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतली ही परंपरा जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मांतोवा शहराजवळच्या ग्रात्सिए या छोट्या गावाने तिला हात दिला. तिथल्या चर्चची जत्रा 15 ऑगस्टला, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला भरते. त्या जत्रेतच मादोन्नारींची स्पर्धा सुरू झाली. चित्रकार रात्रभर गुडघ्यांवर बसून रंगवतात. फरसबंदीवरच्या भिकेचं रूपांतर असं मानाच्या स्पर्धेत झालं. याच सुमाराच्या पुढे, 1980च्या दशकात, कर्ट वेनर हा अमेरिकन चित्रकार रोमच्या रस्त्यांवर रंगवू लागला. ठरावीक जागी उभं राहिलं की सपाट जमिनीत खड्डा दिसावा, अशी चित्रं त्याने केली.

1987 साली हा उत्सव अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पोहोचला. तिथल्या जुन्या मिशन चर्चसमोरच्या आवारात, मे महिन्याच्या शेवटी, तीन दिवस तो भरतो. मुलीकडे गेलो असताना आम्ही सगळे एक दिवस तिथे होतो. रस्त्यावर चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोनाचा कोणीतरी पुरस्कर्ता असतो आणि तो पैसा शाळकरी मुलांच्या कलाशिक्षणाला जातो. मुलांसाठी वेगळे छोटे चौकोन विकत मिळतात, सोबत खडूंची पेटी. आमच्या नातीने तासभर खपून एक मासा काढला. शेजारचा चित्रकार तिला बोटाने रंग कसा पसरायचा ते दाखवत होता. दिवस फार छान गेला, हे मी मोकळेपणाने सांगतो.

पण तिथे मला बोझो आठवत राहिला. आता पैसे चित्र काढण्याआधीच दिले जातात, जागा आधीच आखलेली असते, परवानगी आधीच मिळालेली असते. यात वाईट काही नाही. या उत्सवांनी कला जगवली, चित्रकारांना नाव दिलं. तरीही एक प्रश्न उरतो. जमिनीवर चित्र काढण्याचा हक्क मुळात कोणाचा? ज्याने चौकोन घेतला त्याचा, की ज्याच्याकडे त्या जमिनीशिवाय दुसरा कागदच नाही त्याचा?

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्याकडे दारातली रांगोळी रोज पुसली जाते, आणि तिच्यावर कोणत्याही आजीची सही नसते. तुमच्यातल्या साठी ओलांडलेल्यांना फुटपाथवर खडूने काढलेला मारुती, त्याच्या अंगाखांद्यावर विखुरलेली पाच-दहा पैशांची नाणी आठवत असतील. काढणारा कोण होता? आपण नाणं टाकलं, नमस्कार केला आणि पुढे गेलो. नाव कोणी विचारलं नाही. इटलीतल्या भाविकांनी तरी वेगळं काय केलं होतं?

टिकणं हाच मोठेपणाचा पुरावा, असं आपण इतिहासात नकळत धरून चालतो. दगडाचं देऊळ उरतं म्हणून ते थोर, आणि खडूचा देव वाहून गेला म्हणून तो किरकोळ. मला हे पटत नाही. वाहून जाणार हे माहीत असूनही एखादा माणूस मेरीमातेच्या डोळ्यांवर दोन तास घालवतो, तेव्हा ते दोन तास खरेच असतात. त्यांची नोंद ठेवणं हे मात्र आपल्यावर, बघणाऱ्यांवर येतं.

तेव्हा नातवंडांना असा उत्सव दाखवायला जरूर न्या. आणि एरवी कधी स्टेशनाबाहेर कोणी खडू घेऊन बसलेला दिसला, तर तिथेही मुलांना थांबवा, आणि त्याचं नाव विचारा. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.