गावाच्या वेबसाइटवर नकाशा टाकायचाय? पैसे देण्याआधी हे वाचा

ग्रामपंचायत असो की शेतकरी गट, आता प्रत्येकाला वेबसाइट पाहिजे आणि तिच्यावर विहिरी, शेततळी, पाणंद रस्ते दाखवणारा नकाशाही पाहिजे. करून देणारा चार इंग्रजी नावं सांगतो, आपण मान डोलावतो.

आधी एक समजून घ्या. नकाशा वेगळा आणि तो दाखवणारी लायब्ररी वेगळी. बोटाने सरकवणं, मोठं-लहान करणं, खुणेवर दाबलं की माहिती उघडणं, ही कामं करणारा तयार प्रोग्रॅम म्हणजे लायब्ररी. मागचं चित्र चौकोनी तुकड्यांत, म्हणजे टाइल्समध्ये, दुसऱ्याच सर्व्हरवरून येतं. टीव्ही आणि केबल असतं तसंच. टीव्ही फुकट मिळाला म्हणून केबलचं बिल चुकत नाही.

गावाच्या कामाला बहुतेक वेळा लीफलेट पुरते. युक्रेनच्या व्लादिमिर अगाफोनकिन यांनी ती 2011 मध्ये आणली. फुकट आहे आणि वजन साधारण 42 केबी, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोपेक्षाही कमी. शिवारात रेंजची एकच दांडी असते तिथं हे महत्त्वाचं. शे-दोनशे खुणा जुन्या मोबाइलवरही नीट दिसतात.

ओपनलेअर्स त्याहून जुनी, 2006 ची. वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले नकाशे एकावर एक बसवायचे असतील तर ती घ्यावी, पण शिकायला अवघड. मॅपलिब्रेसुद्धा फुकटच. डिसेंबर 2020 मध्ये मॅपबॉक्सने परवाना बदलला, तेव्हा आधीच्या खुल्या कोडवरून लोकांनी ती पुढे चालवली. नकाशा फिरवता, तिरका करता येतो, हजारो आकृत्या झेलते. जुना फोन मात्र दमतो.

गूगलचा नकाशा ओळखीचा, पण वेबसाइटवर लावायला चावी आणि बिलिंग खातं लागतं. ठरावीक वापरापर्यंत फुकट, पुढे पैसे. चावी कुठल्याही सेवेची असो, ती कोणाच्या नावावर आहे ते विचाराच. आमच्या गटाच्या साइटची चावी बनवणाऱ्याच्याच नावावर होती. त्याने पैसे भरायचे थांबवले, नकाशा बंद पडला, आणि तो फोनही उचलेना. ऐन सभेच्या आठवड्यात!

लीफलेटसोबत बहुतेक जण 2004 पासून चालू असलेला ओपनस्ट्रीटमॅप लावतात. त्याची माहिती खुली आहे, पण नकाशावर त्यांचं नाव दाखवावंच लागतं. त्यांचा टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतो, म्हणून भरमसाट वापर चालत नाही. एक फायदा मोठा. आपली पाणंद नकाशात नसेल तर खातं काढून आपणच ती घालू शकतो.

आता पोरं हमखास करतात ती चूक. लीफलेटला आधी अक्षांश, मग रेखांश लागतो. जिओजेसन फाइल आणि मॅपलिब्रेला बरोबर उलटं. हे आकडे उलटे पडले की 18 अक्षांश, 74 रेखांशावरची आपली विहीर थेट नॉर्वेच्या वरच्या गार समुद्रात जाऊन पडते. नकाशा कोरा दिसला की पहिल्यांदा हेच तपासा.

आणि बांधाच्या भांडणात हा नकाशा पुढे करू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचाच अर्ज करावा लागतो.