पोलीस आयुक्तांची खुर्ची : मुंबईत घडली, सोलापुरात आली

सोलापूर : सणवार, मोर्चे किंवा निवडणुका जवळ आल्या की शहरातील वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी हमखास प्रसिद्ध होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये जमावबंदी व शस्त्रबंदी लागू झाल्याची ही बातमी. सोलापूर शहरासाठी हा आदेश पोलीस आयुक्त काढतात. शहराची हद्द ओलांडून बार्शी, पंढरपूर वा अक्कलकोटला गेले की तसाच आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतो. एकाच जिल्ह्यात हा फरक का, याचे उत्तर पोलीस आयुक्त या पदाच्या इतिहासात आहे आणि तो इतिहास प्रामुख्याने मुंबई शहराचा आहे.

जिल्ह्यातील व्यवस्था इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. पोलीस दल अधीक्षकाच्या हाताखाली, मात्र जमाव पांगवणे, बंदी घालणे, तडीपार करणे हे अधिकार महसुली दंडाधिकाऱ्यांकडे. या व्यवस्थेची कसोटी सोलापुरातच लागली. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेची बातमी येताच गिरणी कामगार व नागरिक रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून संघर्ष पेटला. जिल्हाधिकारी नाईट आणि पोलीस अधीक्षक प्लेफेअर जमावासमोर उभे होते. शंकर शिवदारे हा तरुण गोळीला बळी पडला. संतप्त जमावाने न्यायालयाची इमारत जाळली, पोलीसही मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून मागे घेण्यात आले आणि काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रहदारी सांभाळली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांचे स्मरण सोलापूर आजही करते. त्या दिवसांतील निर्णयांची साखळी पाहिली, तर अधीक्षकाच्या वर जिल्हाधिकारी आणि त्याच्या वर थेट मुंबई सरकार. शहराचा असा स्वतंत्र पोलीसप्रमुख तेव्हा नव्हताच.

मुंबईत मात्र तो फार पूर्वीच आला होता.

मुंबईच्या पोलिसांचा उगम गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने सतराव्या शतकात उभारलेल्या भंडारी तरुणांच्या पथकात शोधला जातो. पोलीसप्रमुख म्हणता येईल असे पद १७७९ मध्ये निर्माण झाले आणि त्यावर जेम्स टॉड याची नेमणूक झाली. लाचखोरीच्या आरोपावरून त्याच्यावर १७९० मध्ये खटला चालला. मुंबईच्या पोलीस नेतृत्वाच्या इतिहासाचे पहिलेच पान असे डागाळलेले आहे.

या दलाला खरा आकार दिला तो चार्ल्स फोर्जेट याने. त्याचा जन्म भारतातला, देशी भाषा त्याला सफाईने येत आणि वेषांतर करून वस्त्यांतून फिरण्याची त्याची ख्याती होती. १८५५ पासून त्याच्याकडे शहराच्या पोलिसांची सूत्रे होती. १८५७ मध्ये देशी पलटणींतील शिपाई दिवाळीत उठाव करणार, अशी खबर त्याने स्वतः मिळवली. सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. इंग्रजांनी फोर्जेटला शहराचा तारणहार ठरवले. आपल्या दृष्टीने तो उठाव चिरडणारा अधिकारी होय. पोलीस अधिकाऱ्याचे कर्तृत्व कोणाच्या कामी येते, हा प्रश्न त्याच्या चरित्रातून टाळता येत नाही. मुंबईतील एका रस्त्याला त्याचे नाव मिळाले.

‘पोलीस आयुक्त’ ही पदवी १८६४ च्या अखेरीस सर फ्रँक सूटर यांना प्रथम मिळाली. लंडनच्या महानगर पोलिसांत १८२९ पासून असलेला हा किताब मुंबईने घेतला. सूटर १८८८ पर्यंत, म्हणजे तब्बल २४ वर्षे, या खुर्चीवर होते. क्रॉफर्ड मार्केटसमोरील मुख्यालयाची दगडी इमारत त्यांच्यानंतर, १८९६ मध्ये वापरात आली. १९०२ मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र पोलीस कायदा झाला. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये अटक झाली आणि शिक्षेनंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, तेव्हा एच. जी. गेल आयुक्त होते. त्यांच्यानंतर आलेले एस. एम. एडवर्ड्स हे पोलीस खात्याचे नव्हे, तर सनदी सेवेतील अधिकारी. मुंबई पोलिसांचा इतिहास त्यांनीच लिहिला आणि १९२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्थात तो राज्यकर्त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी जे. एस. भरुचा मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त झाले. त्याच सुमारास एन. एम. कामटे यांनी मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली. कामटे हे आडनाव सोलापूरच्या संदर्भात पुढे पुन्हा येणार आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने राज्याचे पोलीस एका कायद्याखाली आणले. आता तोच महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो.

आयुक्तालयाची ही पद्धत मुंबईबाहेर येण्यास मात्र शंभर वर्षे लागली. पुणे व नागपूर येथे १९६५ मध्ये, ठाण्यात १९८१ मध्ये आणि सोलापुरात १९९२ मध्ये आयुक्तालय स्थापन झाले. तेव्हापासून सोलापूरच्या पोलिसांचे दोन प्रमुख आहेत. शहराचे आयुक्त आणि ग्रामीणचे अधीक्षक. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतील नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा बंदोबस्त आयुक्तांकडे, तर पंढरीच्या आषाढी वारीचा अधीक्षकांकडे. शहरातील गुंडाला तडीपार करायचे तर पोलीस आयुक्तालयच आदेश काढते. ग्रामीण भागात पोलिसांना प्रांताधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध करण्याचा आदेशही शहरात आयुक्त देऊ शकतात. प्रस्ताव करणारा आणि आदेश देणारा एकाच छताखाली आल्याने काम जलद होते, हा या पद्धतीचा गुण. तिचा दोषही नेमका हाच, असे टीकाकार म्हणतात.

सोलापूरच्या आयुक्तपदावरील नावांपैकी देशाला ठाऊक झालेले नाव अशोक कामटे यांचे. एन. एम. कामटे यांचे ते नातू, भारतीय पोलीस सेवेच्या १९८९ च्या तुकडीचे अधिकारी. येथून ते मुंबईत अतिरिक्त आयुक्त म्हणून गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे व विजय साळसकर यांच्यासह ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्या रात्रीच्या हालचालींबाबत त्यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी पुस्तकातून प्रश्न उपस्थित केले. राम प्रधान समितीनेही तत्कालीन आयुक्त हसन गफूर यांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला आणि २००९ मध्ये गफूर यांची बदली झाली.

संकटानंतर आयुक्त बदलणे ही मुंबईची जुनीच रीत. जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर श्रीकांत बापट यांच्या जागी ए. एस. सामरा आले आणि काही आठवड्यांतच, १२ मार्चला, बॉम्बस्फोट झाले. त्याआधी ऑगस्ट १९८२ मध्ये खुद्द पोलिसांनीच बंड केले, तेव्हा ज्युलिओ रिबेरो आयुक्तपदी होते. ते बदलले गेले नाहीत. १९८५ पर्यंत त्यांनी कारभार पाहिला.

सूटर यांच्या २४ वर्षांशी अलीकडची स्थिती ताडून पाहण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०१४ ते जून २०२२ या काळात मुंबईच्या आयुक्तपदाची सूत्रे नऊ अधिकाऱ्यांनी स्वीकारली. राकेश मारिया यांना सप्टेंबर २०१५ मध्ये पदोन्नती देऊन हलवण्यात आले. परमबीर सिंह यांची मार्च २०२१ मध्ये बदली झाली, त्यांनी तत्कालीन गृहमंत्र्यांवर आरोप करणारे पत्र लिहिले आणि एप्रिलमध्ये गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच महत्त्वाच्या पदांवरील पोलीस अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, असे बजावले होते. राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही मुदत मान्य केली, मात्र अपवादात्मक परिस्थितीत मुदतीपूर्वी बदली करण्याची सोयही ठेवली. अपवाद किती सढळपणे वापरला जातो, ते वरच्या आकड्यावरून दिसते.

अमेरिकेतील न्यूयॉर्कमध्ये पोलीस आयुक्ताची नेमणूक शहराचा महापौर करतो आणि पोलिसांचे यशापयश निवडणुकीत महापौराच्या माथी येते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८९५ ते १८९७ या काळात तेथील पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. आपल्याकडे महापौर किंवा महापालिका यांना या नेमणुकीत स्थान नाही. अधिकार राज्य शासनाचा. योगायोग असा, की मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून नोकरी केलेले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. खालच्या पायरीवरून खात्याकडे पाहून मग त्याच्या शिखरावर पोहोचलेला असा दुसरा नेता सहज आठवत नाही.

सोलापूरच्या नागरिकाला आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची झाल्यास वाटा मोजक्याच आहेत. तडीपारीच्या आदेशावर शासनाकडे अपील करता येते आणि उच्च न्यायालयाचे दार उघडे असते. पोलिसांच्या गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी २०१४ च्या दुरुस्तीने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे कार्यालय मुंबईत आहे.