भाष्य आणि भाषांतर : पंडिता रमाबाई व स्त्रीवादी ख्रिस्ती धर्मचिंतनाचा पूर्वेतिहास

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या स्त्रीवादी पुनर्विचाराचा इतिहास बहुधा ठरावीक टप्प्यांनी सांगितला जातो. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्या ‘द वूमन्स बायबल’चे दोन भाग (१८९५ व १८९८) हा त्याचा आरंभ मानतात. त्यानंतर एक दीर्घ खंड पडतो आणि मग मेरी डेली यांच्या ‘द चर्च अँड द सेकंड सेक्स’पासून (१९६८) एलिझाबेथ श्यूस्लर फियोरेंझा यांच्या ‘इन मेमरी ऑफ हर’पर्यंतचा (१९८३) विद्यापीठीय कालखंड येतो. या क्रमात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) नाव आलेच, तर ते धर्मांतर केलेल्या एका हिंदी समाजसुधारक स्त्रीचे उदाहरण म्हणून येते. धर्मचिंतक म्हणून नव्हे. स्त्रीवादी धर्मचिंतनाचा मूलभूत प्रश्न, म्हणजे धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न, रमाबाईंनी ‘वूमन्स बायबल’च्या दहा वर्षे आधी लेखी स्वरूपात उपस्थित केला होता आणि पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर भाषांतराच्या रूपाने दिले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मराठीत या प्रतिपादनाच्या आड एक वेगळी अडचण येते. आपल्याकडे रमाबाईंचे चरित्र दोन तुकड्यांत वाचण्याची सवय जडली आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ (१८८७) आणि शारदा सदनाची स्थापना (१८८९) येथपर्यंतच्या रमाबाई प्रबोधनाच्या इतिहासाला आपल्याशा वाटतात. १८९३मध्ये सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, त्यानंतरच्या, केडगावच्या रमाबाई मात्र मिशनच्या इतिहासाकडे सोपविल्या जातात. राष्ट्रवाद्यांना त्यांचे धर्मांतर खुपले, तर पुढच्या काळातील स्त्रीवादी अभ्यासकांना त्यांची उत्तरायुष्यातील श्रद्धाशरणता खुपली. दोन्ही पक्षांनी बंडखोर रमाबाई आणि ख्रिस्ती रमाबाई या दोन व्यक्ती मानल्या. ही विभागणी कागदपत्रांच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासले पाहिजे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना पंडितांपुढे आपल्या कृतीचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले होते. ज्ञानाचा अधिकार हा वादाचा विषय असतो आणि तो वाद ग्रंथ उघडूनच जिंकावा लागतो, हा संस्कार रमाबाईंना घरातच मिळाला. १८७८मध्ये कलकत्त्यास आल्यावर पडदानशीन स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले. अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रियांना हीन ठरविण्याच्या बाबतीत मात्र एकमुखी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी पुढे १९०७च्या आपल्या साक्षीवजा आत्मकथनात नोंदविला आहे. त्याच कथनात इंग्लंडमधील एक प्रसंग येतो. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालविलेला आश्रम दाखविला. या स्त्रियांविषयी एवढी कणव का, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा तेथील जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला तो संवाद होय. जातीने बाहेरची, चारित्र्याने संशयित आणि तरीही ईश्वराच्या उपासनेसारख्या गहन विषयावर येशू जिच्याशी बोलतो अशी ही स्त्री रमाबाईंच्या ख्रिस्तस्वीकाराच्या मुळाशी आहे. शुभवर्तमानांतील स्त्रियांपासून येशूच्या आकलनाचा आरंभ करण्याची ही पद्धती पुढे स्त्रीवादी बायबल-अभ्यासाची प्रमुख पद्धती ठरली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच वादाला तोंड फुटले. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथानेशियसच्या नावाने प्रचलित असलेला विश्वासांगीकार यांबाबत रमाबाईंनी शंका घेतल्या. चर्चचा शब्द प्रमाण मानण्याचा आग्रह झाला, तेव्हा मोठ्या कष्टाने आपण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत, दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. क्रूसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रस्तावाला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्यावर आपल्या वडिलांनी वा पतीने जे कधी अनुचित मानले नाही, ते हे परके गृहस्थ कोणत्या अधिकाराने अनुचित ठरवितात, असा त्यांचा सवाल होता.

या तीन वादांना एक समान सूत्र आहे. विश्वासांगीकार, भाषा आणि अध्यापन या तिन्ही ठिकाणी प्रश्न अधिकाराचाच आहे. शिवाय येथे विरोधी पक्षात बिशपांबरोबर रमाबाईंवर माया करणाऱ्या स्त्रियाही आहेत. चर्चच्या पितृसत्तेबरोबरच साम्राज्याच्या मातृवत्सल अधिकारालाही त्यांना उत्तर द्यावे लागले. स्टँटन यांच्यापुढे हा दुसरा प्रश्न आलाच नव्हता.

तुलनेसाठी अमेरिकेकडे वळणे येथे सयुक्तिक ठरेल. इंग्रजी बायबलच्या सुधारित आवृत्तीच्या (१८८१–८५) विद्वन्मंडळात एकाही स्त्रीला स्थान नव्हते. ‘वूमन्स बायबल’च्या सिद्धतेमागे ही वस्तुस्थिती होती. स्टँटन यांनी भाष्याचा मार्ग पत्करला. स्त्रीविषयक उतारे वेगळे काढून, ते ईश्वरप्रणीत नसून पुरुषरचित आहेत, असे त्यांनी व त्यांच्या सहकारी लेखिकांनी प्रतिपादन केले. १८९६मध्ये त्यांच्याच मताधिकार संघटनेने ५३ विरुद्ध ४१ मतांनी या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला. या भाष्यासाठी आधार घेतला होता तो ज्यूलिया स्मिथ यांच्या भाषांतराचा. कनेक्टिकटमधील ग्लास्टनबरीच्या या विदुषीने हिब्रू, ग्रीक व लॅटिन यांवरून एकटीने समग्र बायबल इंग्रजीत आणले आणि १८७६मध्ये स्वखर्चाने छापले. मताधिकार नसताना लादलेला कर भरण्यास नकार देणाऱ्या भगिनी म्हणून ज्यूलिया व ॲबी स्मिथ प्रसिद्ध आहेत. ज्यूलिया यांचे भाषांतर इतके शब्दनिष्ठ आहे की इंग्रजी वाक्य जागोजागी अडखळते. परंतु मूळ आणि वाचक यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाचा अभिप्राय येऊ न देणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते.

रमाबाईंचे केडगावचे कार्य स्टँटनपेक्षा ज्यूलिया स्मिथ यांच्या जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून सेरामपूर व मुंबई येथे जी मराठी बायबले सिद्ध झाली, ती मिशनरी पुरुष आणि त्यांचे साहाय्यक पंडित यांच्या हातची होती. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचे अध्ययन करून समग्र बायबल पुन्हा मराठीत आणले. ते अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे, हा त्यांचा हेतू होता. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रियांनी केली. त्यांत दुष्काळातून वाचविलेल्या मुली आणि विधवा होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि समग्र ग्रंथ १९२४मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समाजात स्त्रीशूद्रांना वेदश्रवणाचाही अधिकार नाकारला होता, त्या समाजातील स्त्रियांनी एक संपूर्ण धर्मग्रंथ भाषांतरित करून, जुळवून, छापून हाती ठेवला, या घटनेला श्रद्धाशरणता एवढेच नाव पुरत नाही.

याचा अर्थ या भाषांतराच्या मर्यादा झाकाव्यात असा नव्हे. फिलिस ट्रिबल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हिब्रू शब्दांच्या लिंगाकडे आणि प्रतिमांकडे जसे लक्ष वेधले, तसा हेतू रमाबाईंचा नव्हता. हिब्रूत बहुधा स्त्रीलिंगी असलेला ‘रूआख’ हा शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी ‘प्न्यूमा’ आणि लॅटिनमध्ये पुल्लिंगी ‘स्पिरिटुस’ होतो. मराठी ख्रिस्ती परंपरेत तो पुल्लिंगी ‘आत्मा’ झाला. हा प्रवास स्त्रीवादी प्रश्न होऊ शकतो, याची जाणीव पुढच्या पिढ्यांची आहे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वेदान्ती वा पौराणिक अर्थच्छटा असलेले संस्कृत शब्द टाळण्याकडे रमाबाईंचा कटाक्ष होता. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या रमाबाई आणि बायबलातून असे शब्द वगळणाऱ्या रमाबाई यांच्यात उघड विसंगती दिसते. परंतु १८८५च्या सुमारास संस्कृत ही त्यांच्यासाठी साम्राज्याच्या भाषेविरुद्धची स्वभाषा होती; केडगावात ती शिक्षण नाकारणाऱ्यांची भाषा होती. संस्कृतला त्यांनी दिलेले स्थान बदलले; मात्र ज्या बाजूने त्या उभ्या होत्या ती बाजू बदलली नाही. तरीही या निवडीमुळे संतपरंपरेच्या शब्दसंपत्तीतून ख्रिस्तभक्ती मांडणाऱ्या रेव्ह. ना. वा. टिळकांच्या मार्गाला मराठी वाचकांत जी आपुलकी लाभली, ती रमाबाईंच्या ग्रंथाला लाभली नाही. मराठी बायबलात रूढ असलेल्या ‘तारण’ या शब्दाऐवजी आपल्या संस्थेला मात्र त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. परंपरेचा शब्द पूर्णपणे टाकणे त्यांनाही शक्य झाले नाही, असा त्याचा एक अर्थ होऊ शकतो.

तेव्हा रमाबाईंना स्त्रीवादी धर्मचिंतनाच्या इतिहासात स्थान देताना त्यांना स्टँटन यांची हिंदी प्रतिकृती ठरविणे उचित नाही. स्टँटन यांनी ग्रंथाचे प्रामाण्य नाकारून अर्थनिर्णयाचा अधिकार मिळविला. रमाबाईंनी ग्रंथाचे प्रामाण्य मानून तोच अधिकार मध्यस्थांच्या हातून काढून घेतला. पहिल्या मार्गाचा अभ्यास भरपूर झाला आहे. दुसऱ्या मार्गाच्या अभ्यासासाठी पत्रव्यवहाराबरोबर केडगावच्या मराठी बायबलाचे पूर्वीच्या आवृत्त्यांशी अध्यायवार तुलनात्मक वाचन झाले पाहिजे. योहानाच्या चौथ्या अध्यायापासून त्याचा आरंभ करता येईल. ज्या संवादामुळे रमाबाई ख्रिस्ताकडे वळल्या, तो मराठीत लिहिताना त्यांनी कोणते शब्द निवडले आणि कोणते टाळले, यावरून त्यांच्या धर्मचिंतनाविषयी पत्रांतून न कळणारे बरेच काही कळू शकेल.