स्लाइड रंगवणारं मशीन घेताना...

एखाद्या पॅथॉलॉजी लॅबने स्लाइड रंगवणारं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं ठरवलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तासाला किती स्लाइड होतात? आपल्या आयटीवाल्यांनीसुद्धा हेच विचारलं असतं. थ्रूपुट बघायची सवयच ना आपली! पण या रंगांचा आणि यंत्रांचा इतिहास वाचल्यावर माझं मत झालंय, की हा प्रश्न यादीत बराच खाली हवा. का, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवतात आणि त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात. हा काप जवळजवळ रंगहीन असतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी पेशीचं केंद्रक कुठलं आणि बाकीचा भाग कुठला, ते धड कळत नाही. म्हणून रंगवायचं.

१८५८ मध्ये योझेफ फॉन गेर्लाख या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूचे काप कार्मिनने रंगवले. कार्मिन म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. असं सांगतात, की एक काप अगदी पातळ द्रावणात चुकून रात्रभर राहिला आणि सकाळी त्यातली केंद्रकं उठून दिसली. म्हणजे रंग कुठला याच्याइतकंच तो किती पातळ आणि किती वेळ, हेही महत्त्वाचं!

मग आलं हिमॅटॉक्सिलिन. मेक्सिकोच्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्यातून ते निघतं. या लाकडाचा उपयोग युरोपात कापड रंगवायला व्हायचा. इंग्रज लाकूडतोडे त्यासाठी किनाऱ्यावर जाऊन बसले आणि त्यांच्याच वस्तीतून पुढे बेलीझ देश उभा राहिला. १८६३ मध्ये वाल्डायरने हा रंग पेशींवर वापरून पाहिला, पण नीट जमलं नाही. १८६५ मध्ये ब्योमरने त्यात तुरटी घातली आणि काम झालं. हो, तीच आपली तुरटी. कापड रंगवणाऱ्यांना ही युक्ती शेकडो वर्षांपासून माहीत होती, कारण तुरटीमुळे रंग धरून राहतो. १८७६ मध्ये विसोत्स्कीने याच्या जोडीला गुलाबी इओसिन वापरलं. निळी-जांभळी केंद्रकं आणि बाकी सगळं गुलाबी. आज जगभर बायोप्सीची पहिली स्लाइड याच जोडीने रंगवतात.

एवढं जुनं तंत्र हाताने करणं मात्र कंटाळवाणं. झायलीनमध्ये मेण काढा, अल्कोहोलच्या भांड्यांतून पाण्यापर्यंत या, हिमॅटॉक्सिलिन, सौम्य आम्ल, पुन्हा पाणी, इओसिन, परत अल्कोहोल, परत झायलीन. मग चिकट द्रव घालून वर कव्हरस्लिप. दिवसभर घड्याळाकडे बघायचं आणि झायलीनचा वास घ्यायचा.

यंत्रं इथे आली. अमेरिकेतल्या टेक्निकॉन कंपनीच्या ऑटोटेक्निकॉनमध्ये घड्याळाला जोडलेली एक चकती असायची. तिच्यावर खाचा पाडायच्या आणि खाच आली की तुकडे पुढच्या भांड्यात जायचे. क्रॉन जॉबचा आजोबाच म्हणा ना! ते यंत्र मुख्यतः कापण्याआधीच्या तुकड्यांसाठी होतं, पण स्लाइड रंगवणाऱ्या यंत्रांमागची कल्पना तीच: वेळ माणसाच्या हातातून काढून घड्याळाकडे द्यायची.

आता मशीन निवडायचं म्हणजे काय बघायचं? पहिलं म्हणजे हा वेळ. साध्या, सरळ रेषेत चालणाऱ्या यंत्रात प्रत्येक भांड्यातला मुक्काम सारखाच असतो. एखाद्या रंगाला दुप्पट वेळ हवा तर त्याची दोन भांडी लागोपाठ ठेवायची. रोबोटिक हाताच्या यंत्रात प्रत्येक रॅकचं वेळापत्रक वेगळं ठेवता येतं, पण ते महाग पडतं. लॅबमध्ये दिवसभर एकच रंगपद्धत चालणार असेल तर साधं यंत्र पुरतं.

दुसरं, आणि मला सगळ्यात गंभीर वाटणारं: एकाच भांड्यात अनेक रुग्णांच्या स्लाइड बुडतात. एखाद्या कापाचा कण सुटून दुसऱ्याच्या काचेवर चिकटू शकतो. कॅन्सरच्या पेशी एकाच्या आणि काच दुसऱ्याची... विचार करा! म्हणून भांडी किती वेळाने बदलायची, गाळायची, हे विचारायलाच हवं. काही यंत्रं प्रत्येक स्लाइडवर ताजं रसायन सोडतात. त्यात हा धोका खूप कमी होतो, पण खर्च वाढतो.

तिसरं, कव्हरस्लिप. पूर्वी कॅनडा बाल्सम वापरायचे, तो काळाबरोबर पिवळा पडायचा. १९३९ मध्ये कर्कपॅट्रिक आणि लेंड्रम यांनी डीपीएक्स आणलं. आज यंत्रं काच तरी लावतात नाहीतर प्लॅस्टिकची फिल्म. फिल्म पटकन लागते आणि फुटत नाही. पण वर्षांनंतर ती सुटू शकते, आणि आजार परत उलटला तर डॉक्टरांना जुनी स्लाइड बघायची असते. काचेची जाडीसुद्धा कुठलीही चालत नाही. बहुतेक भिंगं ०.१७ मिलिमीटर धरूनच बनवलेली असतात.

आणि हे सगळं करून मशीन फक्त तेच ते पुन्हा करतं. रंग अजूनही झाडातूनच येतो. २००८ मध्ये हिमॅटॉक्सिलिनचा जगभर तुटवडा पडला तेव्हा लॅबवाले पर्याय शोधत होते. त्यात नळाच्या पाण्याचं गणित आहेच. पाणी किती अल्कधर्मी आहे त्यावर निळा रंग कसा उतरेल ते ठरतं. त्यामुळे तेच मशीन, तोच प्रोग्रॅम, पण गाव बदललं की छटा बदलू शकते.

तेव्हा सेल्समनला आधी विचारायचं, आमच्या लॅबमध्ये, आमच्या पाण्यावर, आमच्याच तुकड्यांच्या स्लाइड करून दाखवता का? आणि मशीन आलं तरी रोज सकाळची पहिली कंट्रोल स्लाइड माणसानेच बघायची. तासाला किती, ते नंतर विचारू.