होडीतली माणसं

आम्ही कोलाडच्या बचत गटांच्या बायका. आज आम्ही समुद्र पोहून पार करणाऱ्यांचा इतिहास सांगणार आहोत. त्यातही पोहणाऱ्यांबद्दल थोडं आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या होडीतल्या माणसांबद्दल जास्त.

सुरुवात आपल्या जवळूनच करू. कोलाडहून नागोठणे, वडखळ करत अलिबागच्या रस्त्याला लागलं की धरमतरचा पूल येतो. नागोठण्यावरून वाहत आलेली अंबा नदी इथे खाडी होते. या धरमतरपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहत जायची महाराष्ट्रात जुनी रीत आहे. अंतर साधारण ३५-३६ किलोमीटर. आपल्याकडच्या कित्येक मुलामुलींनी मोठ्या समुद्राची पहिली परीक्षा इथेच दिली.

आता विचार करा, एवढं अंतर नुसत्या हातापायांच्या जोरावर कापता येईल का? खाडीचं पाणी साधारण सहा-सहा तासांनी दिशा बदलतं. ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे ओढतं आणि पोहणाऱ्याला पुढे नेतं. भरती समोरून आली की कितीही हात मारा, माणूस जागचा हलत नाही. म्हणून पाण्यात कधी उतरायचं, हे पाणी ओळखणाऱ्याला विचारूनच ठरतं. आपल्या कोळीवाड्यांत ही विद्या घराघरात आहे. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण कधी, अष्टमीच्या सुमाराचा भांग कधी, हे तांडेलाला तिथीवरून कळतं.

कुंडलिकेकाठच्या आपल्यालाही हे नवीन नाही. भिऱ्याच्या वीजघरातलं पाणी सुटलं की नदी चढते, आणि त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. पाण्याची वेळ ज्याला ठाऊक, त्याचं ऐकावं लागतं.

समुद्र पोहण्याचे नियमही कडक असतात. पोहणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही, होडीतल्या कोणी त्याला हात लावायचा नाही. खाणंपिणं काठीच्या टोकाला किंवा दोरीला बांधून द्यायचं. होडीत एक निरीक्षक बसतो. किती वाजले, होडी कुठे आहे, मिनिटाला किती हात मारले, काय खाल्लं, हे सगळं तो वहीत लिहीत राहतो. शेवटी ती वही बघूनच ठरतं, की पोहणं खरं झालं की नाही.

जगात या पोहण्याची सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी. अरुंद जागी तिचं अंतर आपल्या धरमतर ते गेटवेपेक्षा थोडंसं कमीच, पण पाणी बर्फासारखं गार आणि प्रवाह फार अवघड. १८७५ ते १९२३ या काळात फक्त पाच जण ती पोहून गेले, पाचही पुरुष. बाईच्या अंगात तेवढी ताकद नसते, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं.

त्याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात शार्लट एप्स्टीन नावाची बाई होती. कोर्टात लोक जे बोलतात ते भराभर लघुलिपीत उतरवून घेणं, ही तिची नोकरी. १९१७ साली तिने काही जणींना बरोबर घेऊन बायकांची पोहण्याची संघटना काढली. दिवसभर नोकरी करणाऱ्या बायकांना संध्याकाळी पोहायला मिळावं, एवढ्यावरून सुरुवात झाली. ऑलिम्पिकमध्ये आपल्या देशाच्या मुलींना पोहू द्या, म्हणून ती भांडली. १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुली पोहल्या, जिंकल्याही. स्वतः शार्लटने मोठा विक्रम केला नाही. तिने दार उघडून दिलं.

त्या दारातून आलेली एक मुलगी म्हणजे गर्ट्रूड एडर्ली. १९२५ साली संघटनेच्या आधाराने ती इंग्लिश खाडीत उतरली. पण तिच्या प्रशिक्षकाने तिला अर्ध्यातून बाहेर काढायला लावलं. मी थकलेच नव्हते, असं तिचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. या वेळी प्रशिक्षक दुसरा होता आणि बोटीवर तिचे वडील आणि बहीण मार्गारेट होती. पाण्याने अंग काचू नये म्हणून दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख आणि मेण लावून पाणी बंद केलेला चष्मा, या दोन्हींच्या तयारीत मार्गारेटचा हात होता. वाटेत समुद्र खवळला, तेव्हा बोटीवरच्या लोकांनी गाणी म्हणून तिला धीर दिला. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ती साडेचौदा तासांच्या आसपास पलीकडे पोहोचली. तोवरच्या सगळ्यात वेगवान पुरुषापेक्षा जवळजवळ दोन तास कमी. गर्ट्रूडचं नाव जगभर झालं. शार्लट आणि मार्गारेट ही नावं किती जणांना माहीत आहेत?

आता वहीची गोष्ट ऐका. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनची टायपिस्ट मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली. थोड्याच दिवसांत डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टरबाईंनीही आपण पोहून आल्याचं जाहीर केलं. मग त्यांनीच कबूल केलं, की बराचसा वेळ आपण बोटीत होतो. नीट देखरेख नसेल तर लोकांना फसवणं किती सोपं आहे हे दाखवायचं होतं, असं त्यांनी सांगितलं. पण त्यामुळे खऱ्या पोहलेल्या मर्सिडीजवरही लोक संशय घेऊ लागले. बिचारी त्याच महिन्यात गारठलेल्या पाण्यात पुन्हा उतरली. पलीकडे पोहोचू शकली नाही, पण तिचं धैर्य पाहून लोकांचा विश्वास बसला. त्याच वर्षी इंग्लिश खाडीसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली, आणि निरीक्षकाने पाहून नोंदवलेलंच पोहणं खरं धरायचं, ही शिस्त लागली. बचत गटाचं रजिस्टर लिहिताना कंटाळणाऱ्या मैत्रिणींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. नोंद नसेल, तर केलेलं कामही शाबीत करता येत नाही.

आता आपल्या देशात येऊ. कोलकात्याची आरती साहा लहानपणीच आईला मुकली आणि आजीजवळ वाढली. इंग्लिश खाडी पोहायचं तिने ठरवलं, पण पैसे कुठून आणायचे? तिथल्या हाटखोला स्विमिंग क्लबचे डॉ. अरुण गुप्ता पुढे झाले. तिच्या पोहण्याचे कार्यक्रम ठेवून त्यांनी निधी जमवला. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी ११,००० रुपयांची मदत मिळवून दिली.

२७ ऑगस्ट १९५९ ला आरती पाण्यात उतरली, पण वाट दाखवणारी बोट ४० मिनिटं उशिरा आली होती. प्रवाहाची चांगली वेळ हुकली. चौदा तासांहून जास्त पोहून, किनारा थोडक्यावर असताना प्रवाह उलटा लागला आणि तिला थांबावं लागलं. ४० मिनिटांचा उशीर दुसऱ्यांचा, अपयश मात्र तिच्या नावावर. तिने महिनाभर थांबून २९ सप्टेंबरला पुन्हा उडी घेतली आणि १६ तास २० मिनिटांत इंग्लंड गाठलं. इंग्लिश खाडी पोहणारी ती आशियातली पहिली स्त्री. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

आज महाराष्ट्रातली मुलंही फार पुढे गेली आहेत. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहणं, ही या खेळातली मोठी कसोटी. पुण्याच्या रोहन मोरे यांनी ती २०१८ साली पुरी केली, तर नवी मुंबईच्या प्रभात कोळी यांनी २०२३ साली. दरवेळी सोबत होडी होती, तांडेल होता, खाणं देणारं आणि वही लिहिणारं कोणीतरी होतं.

मैत्रिणींनो, आपल्या घरात, गटात, शेतात आपण बहुतेक वेळा होडीतल्याच जागी असतो. वेळ सांभाळायची, डबा द्यायचा, हिशेब ठेवायचा, धीर द्यायचा. या कामाला नाव नसतं म्हणून आपणही त्याला काम म्हणत नाही. पण ४० मिनिटं चुकली की काय होतं, ते आरतीच्या गोष्टीत दिसलं.

आणि दुसरी गोष्ट आपल्या मुलींची. नदी दाराशी आहे, खाडी तासाभरावर आहे. मुलगे पाण्यात डुंबून शिकतात. मुलींना मात्र काठावर धुणं देऊन बसवतो. पूर आला, पाय घसरला, तर पाणी मुलगा-मुलगी बघत नाही. पोहणं येणं हा जीव वाचवण्याचा उपाय आहे. गटातल्या एखादीला पोहता येत असेल, कोणाच्या घरी पाणी ओळखणारा जाणता माणूस असेल, तर सुरक्षित जागा आणि वेळ बघून, सोबत दोर आणि हवेची ट्यूब ठेवून, मुलींना शिकवायला सुरुवात करता येईल. एकटीदुकटीने नाही, गटाने. शार्लटनेही चार जणी जमवूनच सुरुवात केली होती.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा, आणि कोण काय करणार, त्यांची नावंही लिहा. स्वयंपाक करणारीचं, मुलींना नदीवर घेऊन जाणारीचं, काठावर उभं राहून लक्ष ठेवणारीचं, सगळ्यांची.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.