जिंकायचं म्हणजे काय? आयुष्याच्या खेळाचा मागोवा

‘द सिम्स’मध्ये आपल्या पात्राला नोकरीत बढती हवी असेल, तर नुसती कौशल्यं वाढवून भागत नाही. वरच्या पदांसाठी ठरावीक संख्येने मित्रही जोडावे लागतात. त्यामुळे खेळणारा संध्याकाळी शेजाऱ्यांना घरी बोलावतो, गप्पा रंगवतो आणि मैत्रीचा आकडा किती चढला ते बघतो. नोकरी, प्रेम आणि संसार एकाच हिशेबात मांडणारा हा खेळ अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला. त्याचे पूर्वज मात्र संगणकाच्या फार आधीचे आहेत.

इंग्लंडमध्ये १७९० साली छापलेल्या एका पटावर माणसाचं आयुष्य ८४ घरांत मांडलं होतं. एक घर म्हणजे एक वर्ष. १८६० मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या मिल्टन ब्रॅडलीने ‘द चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ काढला. फासे म्हणजे जुगार, असं मानणाऱ्या घरांना चालावं म्हणून त्याने आकडे लिहिलेली भिंगरी दिली. पटावर शाळा कॉलेजकडे न्यायची, लग्न सुखाकडे, जुगार सर्वनाशाकडे. ‘सुखी म्हातारपण’ या घराला सर्वाधिक, ५० गुण. १०० गुण झाले की डाव जिंकला. आपल्याकडचा मोक्षपट, ज्याचं कर्तृत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे जातं, विचाराने याच जातीचा. तिथे शेवटचं घर मोक्षाचं.

ब्रॅडलीच्या कंपनीने १९६० मध्ये शताब्दीनिमित्त खेळ नव्याने काढला, तेव्हा नीतीची जागा नोटांनी घेतली. छोट्या मोटारीत नवरा, बायको, मुलं खुंट्यांसारखी खोचायची आणि श्रीमंत होऊन शेवट गाठायचा.

संगणकावर हा वंश फुटून वाढला. १९८५ च्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’मध्ये एक माणूस आपल्या कुत्र्यासह पडद्यावरच्या घरात राहायचा, त्याला जिंकायचं काहीच नव्हतं. १९९० च्या सुमारास आलेल्या सिएराच्या ‘जोन्स इन द फास्ट लेन’मध्ये शहर आलं: भाडं, बँक, गहाणवटीचं दुकान, बर्गरच्या हॉटेलातली नोकरी. पैसा, सुख, शिक्षण आणि करिअर यांतलं काय किती हवं, हे खेळणाऱ्याने आधीच ठरवायचं. प्रेमाचा धागा जपानने विणला. कोनामीच्या १९९४ च्या ‘तोकिमेकी मेमोरिअल’मध्ये एखाद्या मुलीकडे दुर्लक्ष झालं, की तिच्या नाराजीचा बॉम्ब फुटून बाकीच्या मुलींचीही मर्जी उतरते.

हे धागे एकत्र दिसतात ते विल राइटच्या ‘द सिम्स’मध्ये. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात राइटचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना कुठली वस्तू आधी घ्यावी, हा विचार त्याच्या खेळात शिरला. त्याच्या कंपनीतल्या अनेकांना हे ‘बाहुलीघर’ चालेलसं वाटत नव्हतं. तरी २००२ पर्यंत हा खेळ तोवरचा सर्वाधिक खपाचा पीसी गेम झाला. २००१ मध्ये ‘हॉट डेट’ या पुरवणीने सिम्सना, म्हणजे खेळातल्या पात्रांना, प्रियाराधनासाठी डाउनटाउनमध्ये नेलं, २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते म्हातारे होऊ लागले आणि २०१६ च्या ‘सिटी लिव्हिंग’ या पुरवणीत महानगरातल्या फ्लॅटात राहायला गेले.

या खेळात शेवटचं घर नाही, म्हणून तो मोकळा वाटतो. पण सलग दोन दिवस दांडी मारली की नोकरी जाते, बिलं थकली की वस्तू जप्त होतात. ब्रॅडलीने नीती शिकवली आणि ती पटावर उघड छापली होती. इथे ती हिशेबात मुरलेली आहे. शिवाय ब्रॅडलीचा डाव १०० गुणांवर संपायचा. इथे कधी थांबायचं ते खेळणाऱ्यालाच ठरवावं लागतं.